आठाने गुणणारे बिडवे सर

बिडवे सरांसमोर कुणी "नेट मस्त पळतंय" असं म्हटलं की त्यांच्या कपाळावरची शीर उठायची. "किती पळतंय? आन् कशात मोजलं?" मग सर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे, एक मोठी फाईल उतरवायला लावायचे आणि सेकंद मोजायचे. पडद्यावर सरकणाऱ्या हिरव्या पट्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "ती पट्टी पुढाऱ्यासारखी हाय. शेवटपर्यंत झालंच, झालंच म्हणती."

शाळा-वसतिगृहांना इंटरनेट जोडून देण्याचं काम पाहणाऱ्या लातूरच्या एका कार्यालयात मी त्यांच्या हाताखाली लागलो. मी देवणीकडचा. वडील सालगडी, घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. पहिल्याच आठवड्यात मी अहवाल दिला: अमुक शाळेत सेकंदाला शंभर मेगाची लाईन सांगितली आहे, प्रत्यक्षात साडेअकराच मिळतात, लाईन खराब. सरांनी कागद माझ्यापुढे आपटला.

"लाईन मोजतात बिटात, फाईल मोजतात बाइटात. एका बाइटात बिट किती?"

"आठ."

"मग साडेअकरा आठे?"

"ब्याण्णव."

"आन् राहिलेले आठ गेले पाकिटावर पत्ता लिहायला. फाईलचा प्रत्येक तुकडा कुठून आला, कुठं चालला, ते त्याच्यावर लिहावं लागतं. लाईन ठणठणीत हाय. चांगल्या माणसाला चोर म्हणून राहिलास तू."

घरी विचारायला कुणी नव्हतं म्हणून जे जे अर्धवट राहिलं होतं, ते सगळं या माणसाने मला असंच ओरडून शिकवलं. त्यांचा राग इतरांना नकोसा व्हायचा, मला तो शिकवणीसारखा वाटायचा.

ते चुकायचे नाहीत असं नाही. नांदेडच्या एका शाळेत फाईल फार हळू उतरली म्हणून त्यांनी लाईन टाकणाऱ्या माणसाला चारचौघांत झापलं. नंतर कळलं की तार उत्तम होती, शाळेचा संगणकच जुनाट होता, त्याला आलेली फाईल साठवणंच झेपत नव्हतं. सर दुसऱ्या दिवशी एसटीने नांदेडला गेले आणि त्याच चारचौघांत त्या माणसाची माफी मागितली. तेव्हापासून ते दोन वेगवेगळ्या संगणकांवर मोजल्याशिवाय तोंड उघडत नसत.

किनवट तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहातही त्यांनी तसंच मोजलं. तिथल्या चाळीस मुली लातूरचा प्रवेशपरीक्षेचा वर्ग रोज आपापल्या संगणकावर बघणार होत्या. ठेकेदाराच्या माणसाने आमच्यासमोर एक फाईल उतरवून दाखवली. साडेअकरा. "बघा सर, आठानं गुणा. तुमच्याच हिशेबानं शंभर."

सरांनी विचारलं, "फाईल आली कुठून?"

तो हसला. "आली की हो. कुठून का येईना."

सर तारेच्या मागे मागे शेजारच्या खोलीत गेले. फाईल तिथल्याच संगणकावरून आली होती. दोन खोल्यांमधली तार शंभरची होती. बाहेरच्या जगातून येणारी लाईन कुणी मोजलीच नव्हती. सरांनी बाहेरची फाईल लावली, दोन्ही संगणकांवर. एक पूर्णांक एक. गुणिले आठ, पावणेनऊच्या आसपास. म्हणजे लाईन दहाची.

"दहात चाळीस पोरी. एकीच्या वाट्याला पाव," सर म्हणाले. "पावात मास्तर दिसंल, पर हलणार न्हाई. गणपतीची मूर्ती बसवलीय का इथं?"

लाईन शंभरची असल्याच्या दाखल्यावर त्यांनी सही केली नाही. कार्यालयात साहेबांनी समजावलं, "बिडवे, मेगा म्हणजे मेगा. आठ-बिठ कोण बघतंय?"

"चाळीस पोरी बघणार हायत, साहेब."

पुढच्या महिन्यात सरांचा करार वाढवला नाही. कारण लिहिलं होतं: सहकाऱ्यांशी उद्धट वर्तन. ते वाचून आजही माझं रक्त उसळतं. ज्यांनी खोलीतली फाईल खोलीत फिरवली ते सभ्य, आणि ती कुठून आली हे विचारणारा उद्धट.

वसतिगृहाचा तो बिनसहीचा दाखला मग माझ्या टेबलावर आला. साहेब म्हणाले, "तू तरी शहाणा आहेस." वडिलांनी नुकतंच साल सोडलं होतं. दोन बहिणी शिकत होत्या. मला एक पूर्णांक एक माहीत होतं. मी शंभरवर सही केली.

दिवाळीपर्यंत वसतिगृहातला वर्ग बंद पडला. कारण लिहिलं होतं: विद्यार्थिनींचा प्रतिसाद नाही. तो कागदही माझ्याच हातून पुढे गेला.

वर्षभराने सर मला उदगीरच्या बसस्थानकात भेटले. आता ते दुकानांचे संगणक दुरुस्त करतात. मी पाया पडलो. वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"घरी खाणारी तोंडं किती?" त्यांनी विचारलं.

"पाच, सर."

"मग सही काहून केलीस ते मला कळतं." त्यांनी पिशवी उचलली. "पर माफी माझ्याकडं मागू नको. ती त्या पोरींकडं हाय."

त्यांची गाडी लागली होती. ते चढले, खिडकीशी बसले आणि माझ्याकडे न बघता समोर बघत राहिले. लातूरहून किनवटला जायला एक दिवस पुरतो. मी अजून गेलेलो नाही.