फळ्यांच्या जमिनीचं घर

लग्नानंतर पहिली दोन वर्षं आम्ही नारायणगावात एका नव्या इमारतीत भाड्यानं राहिलो. घर चांगलं होतं, पाण्याची अडचण नव्हती. पण माझ्या बायकोला लहानपणापासून ऐकू येत नाही, आणि त्या घरात ती सारखी दचकायची. मी कामावरून येऊन दार उघडायचो तेव्हा ती ओट्याकडे तोंड करून उभी असायची. मी एकदम समोर दिसलो की हातातलं भांडं पडायचं. आत येताना मी दिव्याचं बटण चालू-बंद करायला लागलो, पण दिवसाउजेडी ते लक्षात येत नसे. एकदा ती इस्त्री करत होती आणि मी मागून खांद्यावर हात ठेवला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं तिला.

त्या संध्याकाळी तिनं मला सांगितलं, खुणांनी, आणि खुणा पुरल्या नाहीत तिथं वहीत लिहून. तिचं माहेर पेठ गावचं. तिथल्या घराचा वरचा मजला लाकडी होता आणि ती तिथंच वाढली. जिन्यावरून कोण येतंय ते तिला फळ्यांतून कळायचं. आई जड पावलांची, भाऊ दोन पायऱ्या सोडून उडी मारणारा. 'इथली जमीन मला काहीच सांगत नाही,' तिनं लिहिलं. दोन वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, याची लाज वाटली.

त्याच सुमारास माझी बदली जुन्नरच्या कार्यालयात झाली. आता घर घ्यायचं तर लाकडी जमिनीचंच, असं आम्ही ठरवलं. एका एजंटानं 'वुडन फ्लोरिंग' आहे म्हणून नेलं. बघतो तर साधी फरशी, वर लाकडाच्या रेषा छापलेल्या. बायको खाली बसली, तळहात टेकला. मी दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पाय आपटला. तिनं नाही म्हणून मान हलवली. एजंटाला वाटलं, आम्ही वास्तूचं काहीतरी तपासतोय.

गावातल्या जुन्या पेठांमध्ये लाकडी मजले अजून आहेत, पण ते भाड्यानं सहसा देत नाहीत. असं एक घर मिळालं होतं. मालकानं चहा पाजला, उद्या किल्ली घेऊन जा म्हणाला. निघताना त्यानं आडनाव विचारलं, गाव विचारलं. मी पिंपळवंडी म्हणालो, तर गावात नेमकं कुठं, असं विचारलं. मग आम्ही बौद्ध आहोत, असं मी सरळ सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिथं त्याचा भाचा राहायला येणार होता. 'भाड्याने देणे आहे' ही पाटी मात्र दिवाळीपर्यंत लटकत होती, आणि माझा कामावर जायचा रस्ता तोच. बायकोला मी भाच्याचंच कारण सांगितलं. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वही मिटून ठेवली.

तिसरं घर कार्यालयातल्या शिपायानं सुचवलं. मालक निवृत्त तलाठी, खाली एकटेच राहायचे, मुलगा पुण्यात. या वेळी मी दारातच आडनाव, गाव, सगळं सांगितलं.

"ते ऱ्हाऊ द्या हो," तलाठी म्हणाले. "वरचं पाऊल खाली लई वाजतं, ते बोला. मला दुपारचं पडायचं असतं."

मी खरं ते सांगितलं. हिला ऐकू येत नाही, त्यामुळं आपलं पाऊल किती वाजतं ते हिला कळत नाही. शिवाय ती शिवणकाम करते. त्यांनी वर आढ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, महिनाभर बघू.

वर दोन खोल्या होत्या, सागाच्या रुंद फळ्यांच्या. बायको पुढं गेली, मी जिना चढत होतो. वर पोचलो तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. न वळताच तिनं हात वर केला. मी आलोय हे तिला कळलं होतं.

पहिले दोन आठवडे ती चवड्यांवर चालली. मशीनखाली गोधडीची घडी घातली आणि दुपारी एक ते चार मशीनला हात लावायची नाही. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती बटणं लावत बसली होती. मी कामावर होतो. पुढचं तिनं नंतर सांगितलं. फळ्यांत एक बारीक ठोका जाणवला. जिन्याकडून नाही, रस्त्यावरच्या गाडीचाही नाही. थांबायचा, पुन्हा यायचा. तिनं हात टेकवत टेकवत शोधलं, तर खालून वर आलेला खांब थरथरत होता. ती धावत खाली गेली.

तलाठी माजघरात खांबापाशी पडले होते, घामानं भिजलेले, हातात तांब्या. त्यांना मधुमेह होता. तिच्या वडिलांनाही आहे, म्हणून साखर उतरल्याचं तिनं ओळखलं. साखरेचं पाणी करून घोट घोट पाजलं आणि समोरच्या दुकानदाराला हाताला धरून घेऊन आली.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ते खाटेवर उठून बसले होते.

"मी हाका मारल्या, पर आवाजच निघंना," ते मला म्हणाले. "मंग तांब्या घेतला नि खांबावर मारीत बसलो. तिला ऐकू येत न्हाई हे मला ठाऊक व्हतं. पर वर तीच व्हती, राव."

महिन्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. दुपारी मशीन चालव म्हणून त्यांनी तिला कितीदा सांगितलं. ती अजूनही चालवत नाही. ते तिच्याकडून खुणा शिकले. चहाची खूण नीट करतात. बाकीच्या करायला लागले की ती तोंडावर पदर धरून हसते, आणि तेही हसतात.

यंदा वरच्या दोन फळ्यांना वाळवी लागली. त्यांचा मुलगा पुण्याहून आला. हे सगळं काढून स्लॅब टाकू, वर फरशी बसवू, भाडंही चांगलं येईल, असं त्याचं म्हणणं पडलं. तलाठी त्याला घेऊन वर आले. मी खुर्ची पुढं केली, पण ते माझ्या बायकोसमोर जाऊन उभे राहिले.

"हिला इचारा, काय करायचं," ते मला म्हणाले.

मी खुणेनं विचारलं. तिनं सगळी खोली चालून पाहिली, एकेका फळीवर टाच दाबून. मग सांगितलं, दोनच बदला, बाकीच्या धड आहेत. पुढच्या आठवड्यात सुतार आला आणि दोन दिवसांत काम झालं. नव्या फळ्यांचा रंग अजून जुन्यांशी जुळलेला नाही.