भाऊजींना आवडलेलं लेबल

रायपुरात आमच्या भाऊजींच्या नजरेतून सुटलेली एकही पाटी नसेल, आणि त्यांच्या पसंतीला उतरलेलीही नसेल. राज्य नवं झालं, शहर राजधानी झालं, तसा जो तो दुकानावर नवा बोर्ड लावत सुटला. ताई बाजारात भाजी घ्यायची आणि हे स्कूटर रस्त्यातच उभी करून वर बघत राहायचे. "अरे, मिठाई विकून राहिला का रंग?" माझ्या लग्नाची पत्रिका त्यांच्या हातात दिली तेव्हा सगळे आशीर्वादाची वाट पाहत होते. भाऊजी म्हणाले, "गणपतीले श्वास घ्यायले जागा तर ठेवा."

ब्राह्मणपाऱ्यात त्यांचं जाहिराती नि लेबलं करून द्यायचं छोटंसं ऑफिस होतं. तिथे गिऱ्हाईक टिकणं कठीण. उरला औद्योगिक वसाहतीतले एक सळईवाले शेठ बोधचिन्हात सिंह, पृथ्वीचा गोल आणि वडिलांचा फोटो हवा म्हणून अडून बसले. भाऊजींनी अगदी नम्रपणे विचारलं, "भैया, इसमें से सरिया कौन बनाता है?" शेठ चहा तसाच टाकून गेले.

अशा माणसाच्या घरात ताईनं मसाल्याचा धंदा काढला. लेबल अर्थातच भाऊजींनी केलं: पांढरंशुभ्र, मधोमध एकच लाल मिरची, खाली बारीक अक्षरांत नाव. सुंदर होतं, मी आजही म्हणेन. पण गुढियारी बाजारातल्या दुकानदारानं पाकिटं परत केली. "दीदी, लोग दवाई समझते हैं."  मग ताईनं भाऊजींना न सांगता दुसरीकडून लेबल छापून आणलं: पिवळंधमक, मागे सूर्यकिरणं, आणि मधे नथ घालून हात जोडलेली स्वतः ताई. मसाला हातोहात खपायला लागला.

एक दिवस भाऊजींना ते दुकानात दिसलं. मी तेव्हा त्यांच्याच घरी होतो. ते आले, आणि आणलेलं पाकीट ताईसमोर ठेवलं.

"मले विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तर छापू दिलं असतं काय तुम्ही?" ताईनं पाकीट परत त्यांच्यापुढे सरकवलं. "मिरची चालते, मी नाही चालत. माझा चेहरा इतका वाईट आहे काय?"

  भाऊजी पाकीट उचलून निरखत एवढंच म्हणाले, "नथ छान दिसून राहिली," आणि हातपाय धुवायला निघून गेले.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. परवा ताईच म्हणाली, "तो फोटो काढून टाका हो. आता मले कोणी ओळखत नाही त्याच्यात. पोट्टे विचारतात, आजी, ही कोण?"

भाऊजींनी चष्मा लावला. पाकीट हातभर लांब धरलं, मान तिरकी केली, उजेडात नेऊन पाहिलं.

"काहून काढायचा? बॅलन्स चांगला आहे. रंगही जमून आले आहेत."

ताई पदर तोंडाला लावून हसत सुटली. भाऊजी मात्र हसले नाहीत. ते एकदा पाकिटाकडे बघत होते, एकदा तिच्याकडे.