साहेबांची काठी आणि आमचा हौद

मासे धरायच्या काठीला पाणी लागू द्यायचं नसतं, हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं. तोवर मी इंद्रायणीकाठच्या चिखलीत जन्मून, वाढून, लग्न करून बसलो होतो.

तेव्हा पिंपरीला औषधांचा कारखाना नवा नवा निघाला होता आणि मी त्याच्या स्टोअरमध्ये टेंपरवारी कारकून होतो. टेंपरवारी माणसाला क्वार्टर मिळत नसे. क्वार्टरमध्ये नळ होता. माझी बायको कमल रोज विहिरीवरून घागर आणून माझ्यासमोर मुद्दाम दणकन ठेवायची आणि विचारायची, "कवा व्हताय कायम?" ते ठरवणार होते आमचे साहेब. विलायतेहून यंत्रं बसवायला आलेले, सहा फूट उंच, आणि मासेमारीचे भयंकर वेडे.

एक दिवस साहेबांनी विचारलं, "इथल्या नदीत मासे धरतोस का?" (साहेबांच्या इंग्रजीतलं निम्मं मला कळायचं, उरलेल्या निम्म्याला मी 'येस सर' म्हणायचो. हे मात्र कळलं होतं.)

"येस सर. बाय बर्थ," मी म्हणालो.

साहेब खूश झाले. त्यांचं सगळं सामान विलायतेत राहिलं होतं. पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानात ते मिळतं, पण त्यांना सवड नव्हती. नदी मला माहीत, तेव्हा काठी, दोरी, गळ सगळं मीच निवडून आणावं, आणि रविवारी सकाळी आपण दोघं चिखलीला मासे धरू, असं ठरलं. दुकानाच्या नावे चिठ्ठीही दिली. मला तर कायमची ऑर्डरच हातात पडल्यासारखं वाटलं.

आजवर मी मासे धरले होते ते वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या, मागं टोपली धरून उभा राहून. म्हणून निवडीला तात्यांनाच सोबत नेलं. दुकानदार कोट घातलेले म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मखमलीच्या पिशवीतून तीन तुकडे काढले आणि आमच्यापुढे ठेवले.

तात्या हबकले. "मोडकीच दावतोय व्हय रं ह्यो?"

"जोडायची असते," म्हातारे म्हणाले आणि पितळी टोप्यांत टोकं बसवून त्यांनी लांबलचक काठी तयार केली. तात्यांनी ती घेतली आणि चांगल्या काठीची पारख करतात तशी फरशीवर दोनदा आपटली. मग वाकवायला गुडघ्यावर घेतली. म्हातारे काउंटरच्या अलीकडे कधी आले ते मला दिसलंच नाही, पण काठी त्यांच्या हातात होती.

मग दोरी आली. रेशमाची, आणि सुतळीएवढी जाड. गळ मात्र मुंगीएवढा. त्याला गांडूळ नाही, पीठ नाही, कसलीतरी रंगीत पिसं बांधलेली.

"ह्ये काय?" तात्या.

"माशी. खोटी. माशाला खरी वाटते."

"आन मासा फसतो?"

"नेहमी."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "तिकडचं मासं लईच खुळं असत्याल," ते हळूच म्हणाले.

तरी आम्ही निवडलं. सगळ्यांत जाड काठी, सगळ्यांत जाड दोरी, आणि त्यातल्या त्यात कोंबड्याच्या पिसांसारखी दिसणारी माशी, कारण आमच्या माशांनी निदान कोंबडा बघितला असण्याची शक्यता होती. निघताना म्हातारे पुन्हा पुन्हा बजावत होते, "दोरीला ही डबीतली चरबी लावा. आणि काठी पाण्यापासून जपा. ओली ठेवू नका."

एसटीत बसेपर्यंत मी हसू दाबून धरलं. मासे धरायची काठी आणि पाण्यापासून जपायची! म्हाताऱ्याचं वय झालं असावं.

घरी आल्यावर तात्यांनी काठी उन्हात धरून पाहिली. "बांबू हाय. पर मुरवल्याला दिसत न्हाई. भिरूड लागंल, आतनं पोखरंल."

आमच्याकडे नवा बांबू तसाच कुणी वापरत नाही. आधी पाण्यात मुरवायचा, मग तेल लावून शेकायचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तात्या नुसतं बोलले होते. पुढची बुद्धी माझी. साहेबांना मुरवलेली काठी दिली तर ते आपल्याला जन्मात विसरणार नाहीत, असा मी विचार केला. (तो शब्दशः खरा ठरला.) बुधवारी मी काठीचे तिन्ही तुकडे विहिरीजवळच्या जनावरांच्या हौदात बुडवले आणि वर दगड ठेवला.

शनिवारी दुपारी दगड काढला. काठी वर आली, पण एकटी आली नाही. तीन तुकड्यांच्या अठरा पट्ट्या झाल्या होत्या आणि त्या हौदभर तरंगत होत्या. म्हैस एक चघळत होती. तो बांबू नव्हताच, बांबूच्या सहा-सहा पट्ट्या सरसानं चिकटवलेलं ते नाजूक काम होतं.

"अवो, ह्येच्यावर आपली क्वार्टर व्हती न्हवं?" कमलनं विचारलं.

तात्यांनी म्हशीच्या तोंडातली पट्टी काढली, खळ शिजवली, पट्ट्या जुळवून वर सुतळी गुंडाळली. रविवारी सकाळी साहेब जीपमधून उतरले तेव्हा मी ती काठी पाठीमागं धरून उभा होतो. साहेबांनी ती हातात घेतली, सुतळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बहुधा इकडची पद्धत असेल असं समजून त्यांनी हात मागं घेऊन दोरी जोरात फेकली. नदीत काहीच पडलं नाही. काठी मात्र साहेबांच्या डोक्यावर मोडक्या छत्रीसारखी उघडली.

"हिला काय केलंस तू?" साहेबांनी विचारलं.

आता खोटं बोलायलाही काही उरलं नव्हतं. "भिजवली, सर. फक्त चार दिवस."

साहेब खडकावर बसले. शेवटी तात्यांनी आपला जुना बांबू त्यांच्या हातात दिला, गळाला गांडूळ लावलं आणि म्हणाले, "धरा सायेब, ह्यो मुरवल्याला हाय." पाऊण तासात साहेबांनी हातभर मरळ ओढली आणि जीपमध्ये टाकली. आणि ते निघून गेले.

सोमवारी बोलावणं आलं. मी राजीनामा लिहूनच नेला होता. साहेबांनी तो बाजूला सारला, "मासा चांगला होता," म्हणाले आणि दुसरा कागद पुढं केला. कायमची ऑर्डर होती. क्वार्टरसकट. फक्त खातं बदललं होतं.

स्टोअरमधल्या कुठल्याही वस्तूला त्या दिवसापासून माझा हात लागला नाही. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुण्याच्या खात्यात मी तेहतीस वर्षं नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झालो. साहेबांनी पहिल्या दिवशी स्वतः येऊन मला काम समजावलं होतं. पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "इथं जे येईल ते भिजवायचं." मी 'येस सर' म्हणालो. ते दारापर्यंत गेले, थांबले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि परत आले.

"बाटल्या," ते म्हणाले. "फक्त बाटल्या."