सात धुराड्यांचा नवस

हायकानुशने पहिल्याच दिवशी माझे हात उलटसुलट करून पाहिले.

"मऊ आहेत. तुला कशाला पाठवलंय?"

"लिहायला. कुठला दगड कुठून काढला, कुठे बसवला ते."

"दगडाला ठाऊक असतं," ती म्हणाली आणि रानचुक्याची जुडी माझ्या मांडीवर टाकली. "तोवर वेणी घाल याची. वाळवून ठेवायची, हिवाळ्यात भाजीला लागते."

माझ्या वहीत त्या दिवसाची तारीख सात जून २०११, मंगळवार अशी आहे. मी बैरूतला नन्सच्या शाळेत शिकले. तारीख, वार, हवा आणि दिवसभरातली आपली एक चूक रोज वहीत लिहायची, ही तिथली शिस्त मला आजवर सुटलेली नाही. माझा नवरा गाराबेद जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मार्सेय, बोस्टन, ब्युनोस आयर्स अशा ठिकाणी पांगलेल्या आमच्या लोकांची नऊ तरुण पोरं, एका ट्रस्टतर्फे, पूर्वजांच्या देशातल्या तांझाकर गावचं पडकं चर्च पुन्हा उभं करायला निघाली होती. ओझी उचलणं मला जमणारं नव्हतं, पण अक्षर चांगलं होतं. म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं.

चर्चची किल्ली हायकानुशकडे होती. वीतभर लांब, लोखंडी, एप्रनच्या खिशात. गाव तिला नानी म्हणे. ती त्र्याहत्तर वर्षांची होती, बुटकी, आणि एका कानाने तिला कमी ऐकू येई. कुठल्या कानाने, ते मात्र ती समोरच्या माणसाप्रमाणे बदलत असे.

आमचा प्रमुख झिरायर, लियाँचा वास्तुविशारद. माणूस सरळ, कामाला वाघ, पण कागदाबाहेर पाऊल न टाकणारा. जुलैत त्याने जाहीर केलं की ऑगस्टच्या मध्याला, द्राक्षांच्या आशीर्वादाच्या रविवारी, चर्च उघडायचं. बिशप येणार, बसभर पाहुणे येणार, जेवण जिल्ह्याच्या गावातून मागवायचं.

"आणि माझा मेंढा?" नानीने विचारलं.

तेव्हा आम्हाला तो नवस कळला. ती लग्न होऊन या गावात आली त्या वर्षी चर्चमध्ये सामुदायिक शेतीचं धान्य भरलेलं होतं. पुढच्या वसंतात वरून हुकूम आला की पश्चिमेची भिंत पाडून गोठ्याला दगड न्यावेत. ट्रॅक्टर आला. घरचे पुरुष खाली मान घालून उभे राहिले. वीस वर्षांची हायकानुश पिठाची परात घेऊन दारात बसली आणि कणीक मळू लागली. ड्रायव्हर ओरडला, हिने आणखी पाणी घातलं. मळता मळता मनात बोलली की ही भिंत राहिली, तर इथे पुन्हा पहिली प्रार्थना होईल त्या दिवशी मी मेंढा देईन. ड्रायव्हर अर्धा दिवस थांबून निघून गेला. भिंत राहिली. त्या वर्षापासून किल्ली तिच्याकडे होती, आणि ती मागायची हिंमत कुणाला झाली नाही.

आमच्यात नवसाच्या प्राण्याचं मांस त्याच दिवशी वाटून संपवायचं असतं. कोंबड्याला तीन घरं, मेंढ्याला सात, बैलाला चाळीस. हायकानुश नवस बोलली तेव्हा गावात ऐंशी धुराडी होती. सात घरं मिळायची नाहीत हे कुणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का? आता सहा उरली होती.

"मग कोंबडा द्या, नानी," झिरायर म्हणाला.

"मी कोंबडा बोलले नव्हते."

"पाहुण्यांना वाटा. साठ लोक असतील."

"पाहुणे म्हणजे घर का रे? बस म्हणजे घर? संध्याकाळी धूर सोडत निघून जाणारं?"

"आमच्या कागदावर चर्चची दुरुस्ती लिहिली आहे. घरांची नाही."

"मग कागदालाच वाढा मटण."

शोघिग, मार्सेयची एक दांडगी पोरगी, खाली बघून हसत होती. नानीने तिच्याकडे बोट दाखवलं. "हिला समजलं. लेका, ज्याच्या भोवती कुणी राहत नाही त्या चर्चला थडगं म्हणतात. थडगं झाडायला मी किल्ली सांभाळली नाही."

आमच्याबरोबर काम करणारा गवंडी वाघारशाक याच गावचा. वीस वर्षं रशियात इमारती बांधून आलेला. त्याच्या बापाचं घर छपराविना उभं होतं. त्याची बायको न्वार्द जिल्ह्याच्या गावात भावाकडे राहत होती आणि नळाला पाणी आल्याशिवाय तांझाकरला पाऊल ठेवणार नाही म्हणत होती. पोरांनी आपसात काहीतरी ठरवलं. पुढच्या सोमवारी परांचीवरून मजूर उतरावेत तसे चर्चच्या छपरावरून नऊच्या नऊ उतरले आणि वाघारशाकच्या घरावर चढले. झिरायर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी खालून ओरडला, "तो वासा उलटा बसवताय, गाढवांनो," आणि स्वतः शिडी चढला. उद्घाटन सप्टेंबरात, क्रूसाच्या सणाच्या रविवारी ढकललं. छप्पर झालं, नळ आला, न्वार्द आली. आल्या आल्या खिडक्या वाकड्या आहेत म्हणाली, पण राहिली.

"सात," झिरायर म्हणाला. मीही वहीत सात लिहिलं.

सहा सप्टेंबरला, मंगळवारी सकाळी, तो किल्ली न्यायला आला. पाहुण्यांची विमानाची तिकिटं निघाली होती. नानी चर्चच्या दारासमोर बुटक्या स्टुलावर बसून घेवडा सोलत होती.

"किती घरं म्हणालास?"

"सात. वाघारशाकचं धरून."

"माझं धरून."

"हो, तुमचं धरून."

"नवस माझा. माझ्याच ताटात वाढून घेऊ? असलं गणित लियाँला शिकवतात?" तिने एक शेंग मोडली. "आणि वाघारशाकचा धूर पंधरा दिवसांचा आहे. उन्हाळ्यात कुणीही चूल पेटवतं. ज्या घराने इथला हिवाळा काढला ते घर."

झिरायरचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला की एका म्हातारीच्या हट्टापायी दोन वर्षांच्या तयारीनंतरचं काम अडू देणार नाही, कुलूप तोडू. वाघारशाकला त्याने पहार आणायला सांगितली.

वाघारशाक हलला नाही. नानी उठली, घराच्या अंगणात गेली, आपली पहार घेऊन आली आणि झिरायरच्या पायाशी ठेवली.

"तुझी कशाला? ही चांगली आहे. नवऱ्याची. तोड. मी याआधी ट्रॅक्टर बघितलाय." आणि पुन्हा दारात बसून शेंगा सोलू लागली.

मग शोघिगने हातमोजे काढले, नानीशेजारी जमिनीवर बसली आणि टोपलीतली मूठभर शेंगा घेतली. तिच्यामागे एकेक करत सगळे बसले. नऊ पोरं, एक टोपली, शेंगा पुरेनात. झिरायर पहारीकडे बघत राहिला.

"आणि सातवं घर मिळालंच नाही तर?" शेवटी त्याने विचारलं.

"तर मेंढा म्हातारा होईल. मीही होईन. घाई तुला आहे."

तो संध्याकाळपर्यंत टेलिफोनवर होता. तिकिटं रद्द झाली.

त्या दिवसाच्या चुकीच्या रकान्यात मी लिहिलं: देणाऱ्याचं घर मोजलं. शाळेतली सिस्टर असती तर म्हणाली असती, चूक लिहून भागत नाही, सुधारावी लागते. बैरूतला माझं दोन खोल्यांचं घर होतं. चौथा मजला, खाली फार्मसी. तिथे माझी वाट बघणारं फक्त टपालाचं खोकं होतं. दुसऱ्या सकाळी मी झऱ्याजवळचं जुन्या मास्तरीणबाईंचं रिकामं घर पाहून आले. मग नानीकडे जाऊन गोवऱ्या कशा थापतात ते विचारलं.

तिने पुन्हा माझे हात उलटून पाहिले.

"उशीर झाला. गोवऱ्या जूनमध्ये थापतात. जूनमध्ये तू दगड लिहीत होतीस."

"मग?"

"मग माझ्यातल्या अर्ध्या घे. जानेवारीत पळशील तेव्हा उरलेल्या परत कर."

पोरांनी जायच्या आधी मला पत्र्याची शेगडी बसवून दिली. शोघिगने धुराड्यावर टोपी घातली आणि खाली उतरून माझी पापी घेतली. ऑक्टोबरात ती सगळी गेली. नोव्हेंबरात रस्ता बंद झाला.

त्या हिवाळ्याचं मी फार लिहिणार नाही. शाई गोठली म्हणून काही पानं पेन्सिलीत आहेत. रोज सकाळी नानी अंगणात उभी राहून डोळ्यांवर हात धरून छपरं बघायची. माझ्याकडून उशीर झाला की बर्फाचा गोळा खिडकीवर आदळायचा.

"बैरूत, मेलीस का?"

"नाही."

"मग धूर कर."

फेब्रुवारीत मला ताप आला. न्वार्द तीन दिवस येऊन शेगडी पेटवून गेली. नानीही आली, दह्याचं गरम सूप घेऊन. "हे पेटवणं धरायचं का?" न्वार्दने तिला विचारलं. नानीने विचार केला. "आत माणूस जिवंत आहे ना? मग धरायचं."

बारा ऑगस्ट २०१२, रविवार, हवा स्वच्छ. झिरायर या वेळी बस न घेता आला. नानीने धुतलेला एप्रन घातला होता. किल्ली कुलपात दोनदा अडकली. झिरायर पुढे झाला तर म्हणाली, "हात लावू नकोस, तिला माझी सवय आहे." आत प्रार्थना झाली, द्राक्षांना आशीर्वाद मिळाला. मेंढा नुसत्या पाण्यामिठात शिजला होता. वाटायला तिने कुणाला घेतलं नाही. सात घरं, सात फेऱ्या, प्रत्येक फेरीला एक ताट. माझं घर शेवटचं, चढावर. दारात येऊन ती धापा टाकत टेकली.

"मीठ कमी असेल. बोलू नकोस. नवसाला नावं ठेवत नाहीत."

मी ताट घेतलं. तेवढ्यात झिरायर मागून आला. म्हणाला, "झालं ना, नानी? फिटला नवस. आता किल्ली ट्रस्टकडे?"

नानीने तोंड पुसलं आणि चर्चच्या भिंतीकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता बैल बोलते."

झिरायर पायरीवर बसला. "नानी, चाळीस घरं."

"मोजता येतं मला."

तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. त्यानंतर चार हिवाळे तिने धुराडी मोजली आणि मार्च २०१६ मध्ये, रस्ता उघडायच्या आठवड्यात, गेली. आम्ही तिला चर्चच्या पश्चिम भिंतीशी पुरलं. शोघिग आता गावातच आहे, नवरा-मुलीसह, शाळेच्या मागच्या घरात. किल्ली माझ्याकडे असते; तिच्याबद्दल ट्रस्टचं दरवर्षी एक पत्र येतं. मी दरवर्षी उत्तर लिहिते की नवस अजून फिटायचा आहे.

आज सकाळी मी मोजली. अकरा धुराडी. न्वार्दने गोऱ्हा पाळायला घेतलाय.