बहात्तर ठिपक्यांचे आबा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण हा गाढवपणा आठवला की मला आजही तोंड लपवावंसं वाटतं!

आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, उभ्या आयुष्यात एकच फोटो. मिलच्या ओळखपत्रावरचा, स्टॅम्पएवढा. वर्षश्राद्ध जवळ आलं तशी माय मला म्हणाली, "भाऊ, आबास्ना मोठा फोटो बनाव. भितवर लावूत."

मी तेव्हा उधन्याला साडीच्या मिलमध्ये, डिझाईन खात्यात. नव्वदीचं दशक सरत आलेलं आणि अख्ख्या गल्लीत कॉम्प्युटरला हात लावणारा मी एकटा! मग ऐट काय विचारता? म्हटलं, "स्टुडिओ कशाला? मी आहे ना!"

साहेबांची नजर चुकवून फोटो स्कॅन केला. इंचाला ठिपके किती, असं मशीन विचारायचं. मोठा आकडा टाकला की घोरत बसायचं. मी टाकले बहात्तर. पडद्यावर इवलेसे आबा काय देखणे दिसले!

आता पुढचं ऐका. जुनी तसबीर आपण कचऱ्यात टाकत नाही, नदीला देतो. तो फोटो कोपऱ्यात फाटलेला, आणि आबा तर आता कॉम्प्युटरात सुखरूप! श्राद्धाच्या सकाळी मी तो भक्तिभावाने तापीत सोडला. वर हातही जोडले!

तिथून थेट पर्वत पाटियाच्या फोटोच्या दुकानात, आदल्या दिवशी फ्लॉपीवर दिलेल्या आबांची दोन फुटी प्रिंट आणायला. गुजराती दुकानदाराने गुंडाळी उलगडली, बघतो तर काय! आबा नाहीतच! नुसते चौकोन, एकेक हरभऱ्याएवढा.

"भाई, आटलो मोटो करवो होय तो घणा वधारे डॉट जोईए," तो म्हणाला. "ओरिजिनल लई आवो, फरी करी आपीश."

म्हणजे काय, ठिपके कमी पडले, बहात्तरात आबा मावलेच नव्हते! आणि पुन्हा करायला ओरिजिनल? ते एव्हाना डुमसच्या दर्याला लागलं असेल हो!

घरी पंगत खोळंबलेली. फोटो टांगला. माय जवळ गेली, निरखून म्हणाली, "हाऊ कोन शे?"

मला ढसाढसा रडावंसं वाटलं. बापाचं एकुलतं एक तोंड मी माझ्याच हाताने बुडवलं होतं.

तेवढ्यात आबांचे धाकटे भाऊ, आमचे काका, दारातून ओरडले, "अरे, दूरथून दखा! दादा दिसतस!"

झालं! अख्खी पंगत घराबाहेर. माय गटाराच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, आणि खरंच, तिथून आबा दिसले. तिने पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, सुटलो.

मग ती माझ्याकडे वळली. "तुना बाप दूरथून तरी दिसस. तुनी अक्कल ते कोठूनबी दिसत नई!"