दस्तावेज ज्याचा, हात त्याचा

अमेरिकेचा कारभार वॉशिंग्टनमधून चालतो, असा जगाचा समज आहे. तो चुकीचा आहे. अमेरिका चालते ती सुरतेतल्या गोडादऱ्यातून, माझ्या व्याह्यांच्या ओट्यावरून. तिथल्या अध्यक्षाला ही गोष्ट अजून कोणी कळवलेली नाही, एवढंच. कळवली असती तर त्याची पुष्कळ दगदग वाचली असती, कारण ज्या निर्णयांना त्याला आठवडे लागतात ते आमचे व्याही सकाळच्या चहाबरोबर घेतात आणि कप खाली ठेवायच्या आत विरोधकांची हजेरीही घेऊन टाकतात. न्यूयॉर्कचा मेयर कोण व्हावा, सीमेवरची भिंत किती उंच असावी, कोर्टाने अध्यक्षाच्या कामात नाक किती खुपसावं, यातल्या एकाही प्रश्नावर ते 'बघू' म्हणाल्याचं मला आठवत नाही. यावर कोणाला हसायचं असेल तर त्याने खुशाल हसावं, पण माझ्यादेखत नको. त्यांचं एकही मत मला पटत नाही, आणि त्यांच्याविरुद्ध एक शब्दही मी ऐकून घेत नाही.

पटत नाही हे तोंडाने सांगायची सोय मात्र मला नाही, कारण मी मुलीचा बाप. बारडोलीच्या साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी नातीला बघायला म्हणून अधूनमधून रविवारी गोडादऱ्याला जातो, आणि बघायला मिळते ती अमेरिका. मुलाच्या बापाने बोलायचं आणि मुलीच्या बापाने मान हलवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. पण ती मान आहेराच्या लुगड्यावर हलवायची असते, मेक्सिकोच्या सीमेवर नव्हे. मी दोन्हींवर हलवली आहे. त्यात हा माणूस शिरपूरकडून कोवळ्या वयात सुरतेला आलेला, उभी हयात लूमच्या खडखडाटात गेलेली, शेवटी सचिन भागातल्या एका खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, मास्टर म्हणून निवृत्त झालेला. त्या खडखडाटाने कान निम्मे गेले, त्यामुळे त्यांचं खाजगी मतही चार घरं ओलांडून जातं. समोरच्या गल्लीतल्या बायकांना घरातल्या तेलाचा भाव माहीत नसेल, पण अमेरिकेत निर्वासितांचे किती अर्ज पडून आहेत ते त्या झोपेतही सांगतील.

मोठ्या शहरांवर त्यांचा विशेष राग. मोठ्या शहरात शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही, म्हणून फुकट बस आणि स्वस्त खोली देतो म्हणणाऱ्याला लोक निवडून देतात, हा त्यांचा सिद्धांत. मोबाइलवर कोणी हिंदीत अमेरिका समजावून सांगणारा आहे, त्याच्या आणि स्वतःच्या बुद्धीच्या जोरावर त्यांनी तो उभारलेला. न्यूयॉर्कच्या निवडणुकीचा निकाल त्यांच्या मनासारखा लागला नाही, तेव्हा त्या दिवशी त्यांनी शेवभाजीच्या ताटाला हात लावला नाही आणि ओट्यावरही बसले नाहीत. भाजीवालीने काळजीने विचारलं, घरात कोणी गेलं का? विहीणबाई भेंडी निवडत शांतपणे म्हणाल्या, "आमना घरमा नही, न्यूयॉर्कमा सुतक शे."

हे सगळं ओट्यावरच राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण व्याही सोसायटीचे प्रमुख होते. गुजरातेत सोसायटीचा जो मुख्य असतो त्याला प्रमुख म्हणतात, आणि त्या पदाला किती अधिकार असतात हे कुठे नीट लिहिलेलं नसतं. व्याह्यांनी ते अमेरिकेवरून ठरवलं. पाचजणांची कमिटी होती, तिला ते संसद समजत, म्हणजे चहा पिणारी आणि कामं अडवणारी. सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले एक गुजराती गृहस्थ राहतात. त्यांना प्रत्येक गोष्टीत नियम आठवतो, म्हणून ते कोर्ट. झांप्याजवळ, म्हणजे सोसायटीच्या फाटकाशी, एक काळा फळा होता. त्यावर व्याही खडूने हुकूम लिहीत आणि खाली 'प्रमुखाच्या हुकमावरून' असं लिहून दोन रेघा ओढत. "अध्यक्षानं विचारत बसायचं नसतं, याही," ते मला, म्हणजे आपल्या व्याह्याला, सांगत, "करून टाकायचं असतं. ओरडणारे मागून ओरडतात."

पण एक सांगितलं पाहिजे. नळीने ओटे धुवायचे नाहीत, असा त्यांनी एकदा हुकूम काढला, आणि दुसऱ्याच सकाळी विहीणबाई नळी लावून ओटा धूत होत्या. व्याह्यांनी जाऊन स्वतःच्याच घराचा वॉल्व बंद केला. त्या दिवशी माझ्या मुलीसकट सगळं घर शेजारी आंघोळीला गेलं. मुलीने फोनवर हसत हसत सांगितलं तेव्हा मीही हसलो, पण त्यातला माणूस मला तेव्हा नीट कळला नव्हता.

मग उपरे आले. गोडादऱ्यात आता बऱ्याच घरांचे वरचे मजले भाड्याने जातात, आणि भाडेकरू असतात ओडिशाचे, उत्तर प्रदेशचे लूमवाले. व्याह्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या सोसायटीत परदेश भरत होता. सोसायटीच्या सभेत जो येईल तो हात वर करी, कोणी कोणाला विचारत नसे. रात्रपाळीवाल्या भाडेकरूंना पाणी दुपारीही हवं होतं. एका सभेत त्यांनी सगळ्यांनी मिळून हात वर केले आणि पाणी फक्त सकाळीच सोडायचा प्रमुखांचा हुकूम जेमतेम वाचला. व्याह्यांचा चेहरा उतरला. आज पाणी, उद्या प्रमुख, असं ते मला म्हणाले. पुढच्या सभेत त्यांनी नियम मांडला: ज्याच्या नावावर घराचा दस्तावेज, त्यानेच हात वर करायचा, आणि प्रमुखही त्यांच्यातलाच हवा. बँकवाल्यांनी मधेच टोचलं, "प्रमुखसाहेब, तमे पण बहारथी आव्या ने?"

"आलो," व्याही म्हणाले. "पण आल्या आल्या हात वर नाही केला. आधी लूमवर चालवला."

यावर घरमालकांनी टाळ्या वाजवल्या आणि नियम पास झाला. मी कोपऱ्यात पाहुणा म्हणून बसलो होतो. मनात म्हटलं, यांना चालवताना पाहणारं त्या वेळी कोण होतं, आणि या पोरांना आता कोण पाहतंय? पण मी मान हलवली.

प्रमुखाची निवडणूक आली तेव्हा मीही गोडादऱ्यात होतो. सोसायटीच्या मोकळ्या जागेत, कॉमन प्लॉटवर, सतरंजी टाकली होती, आणि बँकवाले दस्तावेजांच्या झेरॉक्स घेऊन एकेक घर वाचायला लागले. पहिल्या घराचा मालक: बाई. दुसऱ्याचा: बाई. तिसऱ्याचा: त्या घरातली सासू. आणि मग सगळ्यांच्या हळूहळू लक्षात आलं. गुजरातेत बाईच्या नावावर घर घेतलं की नोंदणीची फी माफ होते. सोसायटीतल्या जवळजवळ प्रत्येकाने घर बायकोच्या किंवा आईच्या नावावर घेतलं होतं, आणि तसं घ्या म्हणून गल्लीभर सल्ला देणारे हेच बँकवाले. व्याह्यांचं घर विहीणबाईंच्या नावावर, बँकवाल्यांचं त्यांच्या पत्नीच्या. सगळे पुरुष एका क्षणात ओडिशाचे झाले. बायका मागे उभ्या होत्या, त्या पुढे येऊन सतरंजीवर बसल्या.

मग काय गलका झाला म्हणता. ज्या घरमालकांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते सगळे व्याह्यांभोवती जमले. हा नियम रद्द करा, चूक झाली, असं होतंच. कमिटीची गरज नाही, सभेची गरज नाही, प्रमुख अजून तुम्हीच आहात. बँकवाल्यांनी फळ्याजवळचा खडू आणून त्यांच्या हातात दिला आणि अगदी समजुतीने म्हणाले, "एक ऑर्डर लखी नाखो ने, वात पती गई." म्हणजे एक हुकूम लिहून टाका, की विषय संपला. कोणीतरी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, की अध्यक्षाने विचारायचं नसतं, करून टाकायचं असतं.

मला वाटलं, लिहितील. खरं सांगतो, त्यांनी लिहावं अशीच माझी इच्छा होती. ते पद म्हणजे त्या माणसाचा श्वास होता. सकाळी उठून झांप्यापर्यंत जायचं, पाण्याच्या मोटरची किल्ली फिरवायची, फळा पुसायचा आणि नवं काही लिहायचं, यावर निवृत्तीनंतरचा त्यांचा दिवस उभा होता. ते गेलं तर घरी बसून ते काय करतील, हे मला दिसत होतं, आणि माझ्या मुलीच्या चेहऱ्यावरही तेच दिसत होतं. व्याह्यांनी खडू थोडा वेळ बोटांत फिरवला.

"अध्यक्षाचा अधिकार दुसऱ्याला अडवायला असतो," ते म्हणाले. "स्वतःला सोडवून घ्यायला नसतो."

खडू त्यांनी बँकवाल्यांना परत दिला, मोटरची किल्ली सतरंजीवर ठेवली आणि झांप्याजवळच्या बाकावर जाऊन बसले. पुरुषांनी त्यांना मूर्खात काढलं. बायकांनी एकमताने विहीणबाईंना प्रमुख केलं, कारण इतकी वर्षं प्रमुखाचं ऐकून घ्यायचा अनुभव त्यांनाच सगळ्यात जास्त होता. दुसऱ्या दिवशी एक ओडिया भाडेकरू सवयीने व्याह्यांना 'प्रमुखजी' म्हणून हाक मारत आला, तर यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली न करता सांगितलं की प्रमुख आत आहेत, पोळ्या लाटताहेत.

पुढच्या सभेला मी मुद्दाम गेलो. विहीणबाईंना भाषण येत नाही. त्या उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि एवढंच म्हणाल्या, "पानी समदा पेतस. मंग हात बी समदा वर करतीन." दस्तावेजाचा नियम तिथेच संपला. मालक, त्यांचे नवरे, मुलगे, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, सगळे सतरंजीवर आले. दुपारच्या पाण्याचा विषय निघाला आणि सगळे हात वर गेले. फक्त झांप्याजवळच्या बाकावर दोन हात घडी घातलेले होते. विहीणबाईंनी तिकडे पाहिलं. घरात त्या कधी ज्या आवाजात बोलत नाहीत त्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही बी करा ना हात वर."

"माझ्या नावावर दस्तावेज नाही," व्याही म्हणाले. लोक हसले. ते हसले नाहीत.

मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. पाहुण्याला तसाही कुठे हात होता. ते थोडे सरकले आणि कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले. "लिंबायतला भाड्याच्या खोल्या बदलण्यात निम्मं आयुष्य गेलं, याही. घरमालक मीटिंग भरवायचे, आम्ही जिन्यात उभं राहून ऐकायचो. तू पण ये, असं कधी कोणी म्हटलं नाही. मी पण मागितलं नाही. पोटाला चिमटा काढून घर घेतलं ते कशासाठी? एक हात वर करता यावा म्हणून. आता ते सगळ्यांना वाटून झालं. चांगलं आहे. पण वाटणीतलं मला नको."

या माणसाला कोणी तेव्हा जिन्यातून आत बोलावलं असतं तर त्याने एवढी मोठी भिंत बांधली असती का, असं वाटून गेलं. पण वाद घालायची ती वेळ नव्हती, आणि तो अडून बसलेला माणूस मला त्या क्षणी सतरंजीवरच्या सगळ्यांपेक्षा जवळचा वाटत होता.

"बारडोलीत मत टाकता ना तुम्ही?" त्यांनी एकदम विचारलं.

"टाकतो की."

"चुकीचंच टाकत असाल."

"तुमच्या हिशेबाने चुकीचंच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं. "टाकत जा," ते म्हणाले. "चुकीचं टाका, पण टाकत जा."

समोर पुढचा ठराव आला होता. विहीणबाई वर झालेले हात एकेक करून मोजत होत्या, आणि इकडे बाकावर यांची बोटंही मांडीवर मोजत होती.