मेंढ्याच्या फडक्याची गाठ

हाताला गोडंतेल लागलं की मला ती मेंढी आठवते. मेंढा माद्यांना लागू नये म्हणून आम्ही त्याच्या पोटाला फडकं बांधतो. कोकरू अंगावर पितं तोवर ते सोडायचं नाही, नाहीतर मेंढी खंगते, असं सासूबाईंनी बजावलं होतं. पण नवरा म्हणाला, "लोकं दोन वर्षांत तीन वेत घेऊन राह्यले. सोड, बुढीले सांगू नको." ती पाजती मेंढी माजावर येताच मी सासूबाईंची गाठ गुपचूप सोडली आणि संध्याकाळी पुन्हा बांधली. पाच महिन्यांनी ती संत्र्याच्या झाडाखाली विताना अडली. अंगावर नुसती हाडं होती, दात करकर वाजत होते. मेली तर मीच मारली, एवढंच मनात होतं. सासूबाईंनी माझ्या हातावर तेल ओतलं. "तुहा हात बारीक हाय, घाल आत." मी म्हणाले, "आई, ते गाठ मी..." त्यांनी मला तोडलं, "माहीत हाय मले. परत बांधली ते माही गाठ नव्हती. आता हात थरथरू देऊ नको." कोकरू जिवंत निघालं. मेंढी मात्र मान टाकून पडली, आणि तिने कोकराला चाटेपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले. आता सासूबाई नाहीत. नवरा अजून गाठ सोड म्हणतो. मी नाही म्हणते, तेवढंच मला त्याच्यासमोर मोठ्याने बोलता येतं.